दक्षिणेला टाकलेली वाळू

पहाटेचा नमाज आटोपला की हाजी महरूस गच्ची झाडायला घ्यायचे. खजुराच्या पात्यांचा आखूड झाडू आणि तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा, एवढंच त्यांचं साहित्य. रात्रीतून वाऱ्यानं आणून ठेवलेली वाळू ते कोपऱ्याकोपऱ्यातून ओढून आणायचे, डब्यात भरायचे आणि गच्चीच्या दक्षिण टोकाशी जाऊन कठड्याबाहेर ओतायचे. उत्तरेचा कठडा त्यांच्या खाटेला लागूनच होता. तरी डबा उचलून, सगळी गच्ची ओलांडून, ते दक्षिणेलाच जायचे.

खालून उम्म गाद ओरडायची. उम्म गाद म्हणजे गादची आई, महरूसची जुनी शेजारीण. ती रस्त्यापलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली त्याला बरीच वर्षं झाली होती. पण तिची खजुरीची झाडं अजून इकडंच होती, त्यामुळं तिची जीभही रोज इकडं यायची.

“हाजी, सरकारनं पेन्शन दिली ना तुम्हाला? मग अजून वाळू कशाला वाहताय?”

“उत्तरेला टाकली तर वारा संध्याकाळच्या आत परत आणून देतो. एकाच वाळूला दोनदा घरावरून जायला कशाला लावायचं? तिचीही वाट लांबची आहे.”

“वाळूची दया येते, माझी नाही येत. भाकरी आणलीय, खाली या.”

“तूच वर ये.”

“माझे गुडघे सरकारी नाहीत.”

मग महरूस कठड्यावरून दोर सोडायचे, उम्म गाद त्याला भाकरीची टोपली बांधायची, आणि दोघांचं त्या दिवसाचं भांडण संपायचं.

वाळू वाहणं हेच महरूसच्या आयुष्यभराचं काम होतं. वाळवंटातल्या खारगा शहरातून दक्षिणेला जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर वाळू साफ करणाऱ्या टोळीत ते तरुणपणी लागले आणि केस पांढरे होईपर्यंत तिथंच राहिले. इथं वारा जवळजवळ बाराही महिने उत्तरेकडून येतो, आणि त्याच्यासोबत चंद्रकोरीच्या आकाराच्या टेकड्या येतात, एकामागून एक. उत्तरेकडची पाठ गोल आणि सावकाश चढत जाणारी. दक्षिणेकडं एकदम कडा. आणि दोन्ही बाजूंनी पुढं आलेली दोन शिंगं. रस्ता वाटेत आला तर रस्त्यावरून जातात, घर आलं तर घरावरून. टोळीनं सकाळी मोकळा केलेला डांबराचा पट्टा दुपारी पुन्हा पिवळा झालेला असायचा. महरूसनी त्याबद्दल कधी चिडून बोललेलं कुणी ऐकलं नाही. ते टेकडीला ‘पाहुणी’ म्हणायचे. पाहुणी येते, बसते, निघते, असं.

पाहुणी त्यांच्या घराशी पोचली तेव्हा त्यांची मुलगी विदाद शाळेत होती. तिच्या आईला, रतीबाला, जाऊन तेव्हा दोन हिवाळे झाले होते. गावात अशा वेळी लोक दोनच गोष्टी करत. घर सोडत, नाहीतर घर उंच करत. महरूसनी घर उंच केलं. खालच्या मजल्याची दारं-खिडक्या कच्च्या विटांनी बुजवली, छपराखाली खजुराच्या खोडांचे टेकू दिले, आणि छपराची जमीन करून तिच्यावर एक खोली, एक मोरी आणि ही गच्ची बांधली. घर टेकडीच्या पश्चिमेकडच्या शिंगाच्या वाटेत होतं. मोठं अंग पूर्वेच्या पडीक जमिनीवरून जाणार होतं. शिंग बुटकं असतं. त्यानं खालचा मजला गिळला आणि वरच्याला हात लावला नाही. महरूसनी भिंतीला टेकवलेला जिना रचला, पाण्याचे डबे दोरानं वर ओढायची सोय केली, आणि बापलेक वर राहायला लागली.

खालच्या भिंतीवर एक चित्र होतं. महरूस आणि रतीबा हजहून परतले तेव्हा गावच्या रंगाऱ्यानं काढलेलं. रंगाऱ्यानं समुद्र पाहिला नव्हता, जहाजही नाही. त्यानं जहाज म्हणून धुराड्याची बस काढली, आणि बसच्या खिडकीतून रतीबा बाहेर बघतेय असं दाखवलं. रतीबाला ते इतकं आवडलं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ती आधी चित्रातली खिडकी दाखवायची आणि मग चहा विचारायची. विदादला आईचा चेहरा नीट आठवत नसे. खिडकीतला आठवे.

“याबा,” लहानपणी ती बापाला विचारायची, “चित्र कधी निघेल?”

“पाहुणी निघाली की.”

“पाहुणी कधी निघेल?”

“पाहुणीला असं विचारतात का?”

पण विदादनं विचारायचं सोडलं नाही. ती अस्यूतच्या विद्यापीठात जाऊन गणित शिकली, आणि शेवटी ज्या प्रश्नावर तिला डॉक्टरेट मिळाली तो हाच होता, फक्त जरा अवघड भाषेत लिहिलेला.

गणित तसं साधं आहे, असं ती महरूसना सांगायची. टेकडीचा एक छोटासा तुकडा घ्या. त्याच्यावर वाऱ्यानं येणारी वाळू किती, त्याच्यावरून जाणारी किती. येणारी जास्त असली की तो तुकडा चढतो, जाणारी जास्त असली की उतरतो. असे हजारो तुकडे. प्रत्येकाला वारा कसा लागतो ते मांडायचं आणि संगणकाला सांगायचं, आता चालव. पडद्यावर टेकडी चालायला लागते. बुटकी भरभर जाते, उंच सावकाश, कारण उंच टेकडीला तेवढ्याच वाऱ्यात जास्त ओझं वाहायचं असतं. म्हणून बुटक्या टेकड्या मागून येऊन मोठ्यांना गाठतात. म्हणून शिंगंही अंगाच्या पुढं निघून जातात.

“म्हणजे आमच्या टोळीसारखं,” महरूस म्हणाले. “आलेली वाळू वजा गेलेली वाळू. आम्हाला उत्तर कधी शून्य आलं नाही. तुला येतं?”

“मला शून्य नकोय. मला कधी ते हवंय.”

विदाद खारगा शहरातल्या वाळवंट संशोधनाच्या एका केंद्रात लागली. आठवडाभर शहरात भाड्याच्या खोलीत राहायची, गुरुवारी संध्याकाळच्या मायक्रोबसनं घरी यायची. शुक्रवारी सकाळी शिंगाच्या कडेनं रोवलेल्या लोखंडी गजांपाशी जाऊन टेप लावायची. ती जिन्याची शेवटची पायरी चढून वर आली की चहाच्या आधी महरूसचा प्रश्न ठरलेला.

“काय दुक्तूरा, पाहुणी किती चालली?”

ती आकडा सांगायची. ते मान हलवायचे. आकडा मोठा असो वा लहान, मान तेवढीच हलायची.

उम्म गादला हे सगळं हास्यास्पद वाटायचं. “मुलीला नवरा बघून द्यायच्या वयात तुम्ही तिला टेकडी बघून दिलीत, हाजी.”

“टेकडीनं हुंडा मागितला नाही,” महरूस म्हणायचे.

“आणि टेकडी तरी पुढं सरकते. हिचं लग्न आहे तिथंच.”

विदाद हसायची. वस्तीत तिच्या वयाच्या मुलींची मुलं आता शाळेत जात होती. शहरातल्या खोलीत ती संध्याकाळी दिवा लावायची तेव्हा खिडकीच्या काचेत एकच माणूस दिसायचं. इकडं गच्चीवर दिवा लागला की तिथंही एकच. गुरुवार ते शनिवार सकाळ, तेवढ्या वेळात एका दिव्याखाली दोन माणसं असायची.

एका हिवाळ्यात तिला फ्रान्समधल्या एका शहरातून बोलावणं आलं. तिथं काही लोक पाण्याच्या टाकीत हाताएवढ्या टेकड्या तयार करत होते, आणि त्यांना तिचं गणित हवं होतं. दोन वर्षांचं काम. त्यांनी थांबायचीही तयारी दाखवली.

तिनं ते महरूसना जेवताना सांगितलं. शिजवलेल्या फव्याच्या दाण्यांच्या वाटीत भाकरी बुडवता बुडवता.

“मग जा,” ते म्हणाले.

“अशी कशी जाऊ? हा जिना, हे पाण्याचे डबे. तुमचे गुडघे. खालचा मजला मोकळा झाला, तुम्ही जमिनीवर राहायला लागलात, दार उघडलं की रस्ता, की मी निघाले. माझ्या गणितानं दोनेक वर्षांत शिंगाचं शेपूट घरावरून निघून जाईल. तोवर त्यांना थांबायला सांगते.”

“दोन वर्षं,” महरूस म्हणाले.

“फार तर.”

त्यांनी मान हलवली. नेहमीएवढीच.

आणि त्याच हिवाळ्यापासून शिंग रेंगाळायला लागलं.

टेकडीचं मोठं अंग पूर्वेकडून विदादच्या गणिताप्रमाणं बिनचूक चालत होतं. पूर्वेचं शिंगही. पश्चिमेचं तेवढं, घरावरचं, गजाला चिकटून बसल्यासारखं झालं. बुटकं अंग मागं राहतंय आणि उंच पुढं जातंय, असं कुठल्याच कागदावर बसत नव्हतं. तिनं गज तपासले. टेप बदलली. वाऱ्याच्या नोंदी पुन्हा चाळल्या. केंद्राचे प्रमुख डॉक्टर साबिर तिच्या आलेखाकडं बघून म्हणाले, “निसर्गाकडून वडिलांच्या घरापुरती सवलत मागून घेतलीस की काय?”

“घरामुळंच असेल,” ती म्हणाली.

आणि तिला ते खरंच वाटलं. वरचा मजला वाऱ्याला अडवतो. त्याच्या आडोशाला वाळू बसत असणार. तिनं घर गणितात घातलं. लांबी, रुंदी, उंची, कठडासुद्धा. कित्येक आठवडे त्यात गेले. आलेख जरा जवळ आला, पण जमिनीवरच्या मापांशी जुळला नाही. तिनं घराला समीकरणात जागा दिली होती. घरातल्या माणसाला दिली नव्हती.

त्या काळात तिला दोन-तीन गोष्टी दिसल्या होत्या, पण बघितल्या नव्हत्या. पत्र्याचा डबा आता उत्तरेच्या कठड्याशी असायचा.

“याबा, डबा इकडं?”

“तिथवर चालवत नाही गं. गुडघे.”

आणि शिंगाच्या उतारावर पात्यांची टोकं वर आलेली दिसायची. खजुराच्या पात्यांची कुंपणं टेकड्यांवर रोवायची रीत इथं बापजाद्यांपासून होती. पाती वाऱ्यातली वाळू धरतात, टेकडी जागच्या जागी वाढते आणि पुढं सरकायची विसरते. पुढं ती रीत मागं पडली, कुंपणं वाळूत गडप झाली, आणि त्यांची टोकं कुठंही, कधीही, वर येत राहिली. विदाद ती बघत लहानाची मोठी झाली होती. बाहेरून आलेल्या माणसानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, ही पाती कसली? या गावच्या मुलीला टेकडीवर पाती दिसणं म्हणजे डोक्यावर केस दिसण्यासारखं होतं.

मग एका मंगळवारी केंद्रातली वीज गेली, ती दिवसभर यायची नाही असं कळलं, आणि विदाद दुपारच्याच मायक्रोबसमध्ये बसली. रस्त्याच्या वळणावर उतरून ती पायवाटेनं निघाली. झाऊच्या झुडपांपाशी आल्यावर तिला शिंगाच्या उतारावर कुणीतरी दिसलं.

महरूस होते. पाठीवर पात्यांची मोळी. त्यांनी ती खाली ठेवली, गुडघ्यांवर बसले, आणि एकेक पातं बुंध्याकडून वाळूत खोचायला लागले. दोन पात्यांमध्ये वीतभर अंतर. टोळीत शिकलेला हात होता; घाई नव्हती, चूक नव्हती. एक रांग झाली की ते मागं सरकत, कंबर धरून थांबत, पुन्हा वाकत. वारा त्यांच्या सदऱ्यात शिरून तो फुगवत होता. पात्यांच्या पायथ्याशी वाळू तेव्हाच, त्यांच्या डोळ्यांदेखत, गोळा व्हायला लागली होती. शेवटी ते खाली बसले आणि त्यांनी तळहात वाळूवर टेकवला, बैठ्या जनावराच्या पाठीवर ठेवतात तसा. बराच वेळ उचलला नाही.

विदाद झाऊच्या आडोशाला थांबली.

डबा कधीपासून उत्तरेला आहे ते तिला आठवलं. शिंग कधीपासून रेंगाळतंय तेही. दोन वर्षं, फार तर, असं आपण कोणत्या जेवणात म्हणालो होतो तेही. एवढी वर्षं त्या रोजच्या प्रश्नात तिला घाई ऐकू येत होती. पाहुणी किती चालली. त्यात भीती असेल असं तिच्या मनात कधी आलं नव्हतं.

ती आल्या वाटेनं परत फिरली आणि रस्ता ओलांडून उम्म गादच्या अंगणात जाऊन बसली.

“तू अवेळी कशी?” उम्म गादनं चहा समोर ठेवला, काळाभोर, अर्धा पेला साखर. “बापाकडं नाही गेलीस?”

“जाते. जरा बसते.”

“बस. तुझ्या बापाला विचार, माझी सगळी पाती कुठं जातात. झाडं छाटली की मोळी बांधून नेतो. कोंबड्यांना आडोसा करायचाय म्हणतो. कोंबड्या किती आहेत? दोन! दोन कोंबड्यांना एवढ्यात राजवाडा झाला असता.”

विदादनं पेला दोन्ही हातांत धरला.

“आणि तू जाणारेस म्हणे, त्या परक्यांच्या देशात?”

“कोण म्हणालं?”

“कोण म्हणणार? तोच. मशिदीत, दुकानात, दळणाच्या रांगेत. माझी दुक्तूरा जाणार, माझी दुक्तूरा जाणार. वस्तीतल्या बकऱ्यांनासुद्धा पाठ झालंय.” उम्म गाद थांबली. “जाणारेस ना?”

“बघू.”

ऊन कलल्यावर ती घरी गेली. दुरूनच मोठ्यानं हाक मारली. महरूस कठड्याशी आले, दचकलेले, मग हसले. वर आल्यावर तिनं त्यांचे हात बघितले. बोटांना बारीक टोचे होते.

“हे काय झालं?”

“कोंबड्या.”

“कोंबड्या अशा टोचतात?”

“आपल्या टोचतात.” त्यांनी हात बाह्यांत ओढून घेतले. “बरं ते राहू दे. पाहुणी किती चालली?”

“मोजलं नाही अजून. पण येताना बघितलं. हललेली दिसत नाही.”

“अजिबात?”

“अजिबात नाही, याबा.”

“मग तुझं जाणं?”

“लांबेल.”

“लांबेल,” ते म्हणाले, आणि चहा ओतायला वळले. तिच्या पेल्यात त्यांनी दोनदा साखर घातली. पाठमोरे होते, तरी त्यांचे खांदे खाली आलेले तिला दिसले, लांबचं ओझं उतरवल्यावर येतात तसे.

त्या आठवड्यात तिनं समीकरणात नवं पद घातलं. उतारावर एका ठिकाणी वाळू अडवली जाते, दर पंधरवड्याला नव्यानं. डॉक्टर साबिरनी चष्मा वर केला.

“हे कोण अडवतंय?”

“स्थानिक घटक आहे, सर.”

“मोजता येतो?”

“आता येतो.”

आलेख जमिनीवरच्या मापांशी तंतोतंत जुळला. शिंग रेंगाळायला लागल्यापासून पहिल्यांदाच. विदादला आनंद झाला नाही. तिनं संगणकाला पुढची वर्षं चालवायला सांगितलं. पाती पडत राहिली तर शिंग घरावरच राहत होतं, कितीही पुढं जा. पाती थांबली की सुटायला लागत होतं. कधी, हे आता वाऱ्याच्या हातात नव्हतं.

तिनं फ्रान्सला कळवायचं लांबणीवर टाकलं. महिने गेले. मग खजुरीची छाटणी आली, आणि एका गुरुवारी ती मायक्रोबसमधून उतरली ती आधी उम्म गादच्या बागेत गेली. पात्यांची एक मोळी बांधली, पाठीवर घेतली, आणि घराच्या जिन्याशी आणून टाकली. पाती हिरवी, लांब, टोकांना धार असलेली.

महरूस वरून बघत होते.

“हे कशाला?”

“कोंबड्यांना.”

त्यांनी मोळीकडं बघितलं, तिच्याकडं नाही. कोंबड्या जिन्याखाली माती उकरत होत्या. दोनच.

“वर ये,” ते म्हणाले. “दमली असशील.”

त्या संध्याकाळी त्यांनी पाहुणी किती चालली ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चहा झाला, जेवण झालं, त्यांनी तिच्या लहानपणीच्या वेण्यांची गोष्ट सांगितली, आई गेल्यावर त्यांनी घातलेल्या, एक कानापाशी आणि एक मानेवर. ती हसली. ती शनिवारी सकाळी निघाली तेव्हा मोळी तिथंच पडलेली होती.

पुढच्या गुरुवारी तिला भाकरीचा वास रस्त्यापासूनच आला. गच्चीवरची मातीची भट्टी पेटलेली होती. उम्म गाद, सरकारी नसलेल्या गुडघ्यांनी सगळा जिना चढून, भट्टीशी बसून भाकऱ्या थापत होती आणि धुराला शिव्या देत होती. भट्टीशेजारी जळणाचा ढीग होता. जुनी, करडी, चुरलेली पाती, बुंध्यांना वाळू चिकटलेली. त्यांच्याखाली मनगटाएवढे जाड जुडगे, रांगेनं खोचलेले असताना पडलेला बाक अजून त्यांच्यात होता. आणि सगळ्यांवर तिनं आणलेली हिरवी मोळी.

“जुनी आहेत,” महरूस म्हणाले, “पण पेटतात बरी. कुजायच्या आत संपवलेली चांगली.”

“मी म्हटलं, राजवाडा पाडला का काय!” उम्म गाद म्हणाली. “कोंबड्यांचं काय आता?”

“कोंबड्या मोठ्या झाल्या.”

विदाद खाली बसली. उम्म गादनं गरम भाकरी तिच्या हातावर टाकली. पहिल्याच घासाला दातांखाली कचकच आली.

“वाळू आहे यात.”

“असणारच,” महरूस म्हणाले. “चावून खा.”

सगळ्यांनी चावून खाल्ली. मग त्यांनी आणखी एक जुडगा आगीत सारला आणि आगीकडं बघतच विचारलं, “कधी बोलावलंय त्यांनी?”

“शरदात.”

“तोवर दार निघेल?”

तिला उत्तर पाठ होतं. “दार नाही. फार तर दाराची वरची चौकट.”

“चौकट पुरे. बाकीचं मी फावड्यानं काढीन. जन्मभर दुसरं काय केलं?”

“याबा, मी...”

“भाकरी गार होतेय,” ते म्हणाले.

त्या उन्हाळ्यात शिंग सुटलं. विदादनं शुक्रवारचे आकडे सांगितले नाहीत. महरूसनी विचारले नाहीत. पण डबा पुन्हा दक्षिणेच्या कठड्याशी गेला. उन्हाळा संपता संपता भिंतीवर निळा रंग वर आला, मग धूर, मग धुराड्याचं टोक. शरदात चौकट निघाली. चित्रातली खिडकी अजून वाळूखाली होती. विदाद तिच्या वरच्या काठाशी बसून हातानं उकरायला लागली तेव्हा महरूसनी तिचा दंड धरला.

“राहू दे. तुझी बस चुकेल. मी तिला बघतो आणि तुला सांगतो.”

ती गेली. तिथं दुसऱ्याच आठवड्यात तिनं त्यांना फोन करून सांगितलं की इथं टाकीत टेकड्या होतात, तळहातावर मावतील एवढ्या, शिंगांसकट. एका मिनिटात टाकीभर चालून जातात.

“तळहाताएवढी पाहुणी?” ते हसत सुटले. “मग तिला चहा कशातून देता?”

त्या शहरात पाऊस फार. सगळं धुतलेलं, सगळं ओलं. संध्याकाळी काचेत एकच माणूस दिसायचं. ती रोज फोन करायची. ते सांगायचे: आज खिडकी निघाली. आज खिडकी निघाली. रंग उडालाय थोडा, पण बघतेय बाहेर. आज जहाजाची दोन चाकं दिसली. आज विटा फोडल्या, आत तुझी पाटी सापडली. वसंतात ते खाली राहायला आले. उम्म गाद म्हणाली, आता भाकरी दोराशिवाय देता येते, म्हणून भांडायला विषयच उरला नाही. मग तिनं दुसरा काढला.

ते गेले तेही त्याच वसंतात, एका सकाळी, बसल्या जागी. उम्म गाद टोपली घेऊन आली तेव्हा झाडू दाराला टेकवलेला होता, आणि अर्धा भरलेला डबा दक्षिणेच्या भिंतीशी. विदादला यायला तीन विमानं आणि एक मायक्रोबस लागली. ती आली तेव्हा उंबऱ्यावर पुन्हा वाळू साचली होती.

ते गेले त्या सकाळी त्यांचं फोनवर बोलणं झालं होतं. विशेष काही नाही. तिनं पावसाचं सांगितलं, त्यांनी वाऱ्याचं. कोंबडीनं अंडं दिलं होतं. ती म्हणाली, अजून काही? ते म्हणाले, “काही नाही. ठेव आता फोन. उंबऱ्यावर वाळू आलीय, तेवढी झाडून घेतो.”